कालव्यावरचा पहिला आठवडा: इंग्लंडमधील भाड्याच्या नॅरोबोटीचा अनुभव

गेल्या मे महिन्यात मी आणि माझ्या यजमानांनी इंग्लंडमध्ये एक नॅरोबोट भाड्याने घेतली आणि चार आठवडे तिच्यातच राहिलो. आमची मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो असताना तिच्या घराजवळच्या कालव्यावरून जाणाऱ्या लांबलचक, रंगीत नावा आम्ही रोज पाहत होतो, आणि त्यातूनच हा विचार पक्का झाला. ज्या यार्डातून नाव घेतली ते श्रॉपशायर युनियन कालव्यावर आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या एका व्यवसायाच्या माथी मारण्यापेक्षा अशी सेवा घेताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. चार आठवड्यांचे भाडे डिझेल सोडून पाच हजार पौंडांच्या थोडे वर गेले. ही रक्कम आमच्यासारख्या निवृत्त जोडप्याला लहान नाही, आणि म्हणूनच हे परीक्षण मी जबाबदारीने लिहीत आहे.

माझे म्हणणे पहिल्या आठवड्याबद्दलच अधिक आहे. पुढचे तीन आठवडे नाव आमच्या अंगवळणी पडली होती आणि यार्डाशी आमचा फारसा संबंधही उरला नव्हता. भाड्याच्या नावेची सेवा चांगली की वाईट हे ठरते ते पहिल्या पाच-सहा दिवसांत, जेव्हा भाडेकरूला काहीच येत नसते आणि सुमारे सतरा टनांची लोखंडी नाव त्याच्या हाती दिलेली असते. ती चालवायला कोणताही परवाना लागत नाही. शिकवण्याची सगळी जबाबदारी यार्डाची असते, आणि आमच्या यार्डाने नेमकी तीच अर्धवट पार पाडली.

आधी नावेविषयी. नॅरोबोट म्हणजे सुमारे ६ फूट १० इंच रुंदीची नाव. ही रुंदी कोणाच्या हौसेने ठरलेली नाही. अठराव्या शतकात इथल्या अनेक कालव्यांवरची लॉक, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या पाण्याच्या खोल्या, सुमारे ७ फूट रुंद बांधली गेली, आणि त्यांत मावेल एवढीच नाव आजही बांधली जाते. आमची नाव ५७ फूट लांब होती. आत शिरल्यावर पहिल्यांदा एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक जोडल्यासारख्या वाटल्या. पुढच्या बाजूला बसण्याची खोली आणि तीत लाकूड-कोळशाची शेगडी, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर व शौचालय, आणि शेवटी झोपण्याची खोली. तिच्या पलीकडे दोन पायऱ्या चढून सुकाणूची जागा. सगळे एका रांगेत असल्यामुळे एकाला शेजारून जायचे असेल तर दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. पलंग चार फूट रुंद. चाळीत संसार केलेल्या आम्हा दोघांना याचे काही वाटले नाही, पण मोठ्या घराची सवय असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. कडक बॅगा मुळीच नेऊ नयेत, त्या ठेवायला जागा नसते. आम्ही कापडी पिशव्या नेल्या आणि त्या घडी करून पलंगाखाली सारल्या.

नाव स्वच्छ होती, हे मन:पूर्वक सांगते. चादरी शुभ्र, भांडी घासलेली, चहाचे कप सहा, सुऱ्या धारदार. स्वयंपाकाला गॅसची चार बर्नरची शेगडी आणि भट्टी होती, फ्रीज पुरेसा मोठा होता. आम्ही आमचा लहान कुकर मात्र घरून नेला होता, आणि तो नेला हे फार बरे झाले. नावेवर भिंतीतल्या प्लगला साधी वीज मिळते ती बॅटऱ्यांवरून इन्व्हर्टरने बदलून, त्यामुळे मिक्सर, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र असे काही लावता येत नाही. ही गोष्ट यार्डाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिली होती आणि आरक्षण करतानाच ती आम्हाला पाठवलेली होती. त्यामुळे मी शेंगदाण्याचे कूट, लसणीची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी अशी सगळी कोरडी तयारी मुलीच्या घरी करून घेतली. चार आठवड्यांत मिक्सरवाचून आमचे काही अडले नाही.

आता ताबा देण्याच्या वेळेविषयी. शनिवारी दुपारी तीन वाजता ताबा मिळेल आणि एक तास प्रशिक्षण दिले जाईल, असे पत्रात लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी त्या यार्डातून पाच नावा बाहेर पडायच्या होत्या आणि शिकवायला माणूस एकच. आमच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली. माणूस भला होता, पण घाईत होता. इंजिन कसे सुरू करायचे, तेल कोणत्या काडीने पाहायचे, नाव पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याजवळची ग्रीसची टोपी संध्याकाळी किती फिरवायची, पंख्यात काही अडकले तर कोणते झाकण उघडून हात घालायचा, हे त्याने नीट दाखवले. माझे यजमान एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे डिझेल इंजिनांवर काम करून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे हा भाग त्यांना दाखवलाही नसता तरी चालला असता. जे दाखवायला हवे होते ते लॉक, आणि त्यासाठी त्याने एक चकचकीत कागद हातात देऊन सांगितले की यावर सगळे आहे.

मग तो आमच्याबरोबर नावेवर चढला, दहा मिनिटे सुकाणू माझ्या यजमानांच्या हाती दिले, आणि पहिल्या पुलाशी उतरून पायवाटेने परत निघून गेला. तो उतरला तेव्हा आमच्या पोटात खड्डा पडला. नावेला मोटारीसारखे चाक नसते. मागच्या बाजूला एक लांब दांडा असतो, तो डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, आणि तीही लगेच नाही. दांडा ढकलल्यावर दोन-तीन क्षण काहीच होत नाही, मग ५७ फुटांची नाव आपल्या मध्यावर फिरू लागते, म्हणजे पुढचे टोक उजवीकडे जाते तेव्हा मागचे डावीकडे सरकते. ब्रेक नसतो, उलटा गिअर टाकावा लागतो, आणि उलट जाताना सुकाणू जवळजवळ काम करत नाही. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावे लागते, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात आणि आतल्या माणसांचा चहा सांडतो. या गोष्टी यजमानांनी तासाभरात आत्मसात केल्या. त्यात त्यांचा एक विलक्षण गुण कामी आला: यंत्र काय सांगते ते ऐकत राहण्याची त्यांची सवय.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोनच तास पुढे गेलो. हा सल्ला यार्डाचाच होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. मे महिन्यात तिथे नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर होता, पण आमची शक्ती संपली होती. नाव काठाला लावणे हे चालवण्याहून अवघड निघाले. मी मधला दोर हातात धरून पायवाटेवर उतरले, यजमानांनी नाव थांबवली, आणि मग लोखंडी खुंट्या हातोड्याने जमिनीत तिरप्या ठोकून पुढचा आणि मागचा दोर बांधला. पायवाटेच्या बाजूला, मनाईची पाटी नसेल तिथे, बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत मोफत थांबता येते, हे आम्हाला तेव्हा कळले. मी कुकर लावला. मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड. इंजिन बंद होते आणि सगळीकडे इतकी शांतता पसरली होती की पलीकडच्या कुरणातली मेंढी गवत तोडते तो आवाज ऐकू येत होता. त्या रात्री आम्ही दोघे फार बोललो नाही. ताटे धुऊन झाल्यावर पुढच्या ओसरीवजा जागेत शाली पांघरून बसलो आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी हर्ल्स्टनला पोहोचलो. येथे लँगॉलेन कालवा सुरू होतो. तो ४६ मैल लांब आहे, त्यावर २१ लॉक आहेत, आणि त्यांतली चार लागोपाठ सुरुवातीलाच चढावी लागतात. लॉक म्हणजे पाण्याची जिना-खोली म्हणता येईल. खालच्या दरवाजाने नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, वरच्या बाजूच्या झडपा उघडून पाणी आत सोडायचे, खोली भरली की नाव वर उचलली जाते आणि मग वरचा दरवाजा उघडून बाहेर पडायचे. झडपा उघडायला विंडलास नावाचा काटकोनात वाकवलेला लोखंडी हँडल दिलेला असतो. दात्यावर खिटी बसली आहे ना हे पाहिल्याशिवाय तो सोडायचा नाही, कारण झडप आपल्या वजनाने खाली येऊ लागली तर तो हँडल गरगर फिरून मनगट मोडू शकतो. ही एक गोष्ट त्या माणसाने आम्हाला दोनदा सांगितली होती, आणि तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

जे सांगितले नव्हते ते असे. लँगॉलेन कालवा इतर कालव्यांसारखा साचलेला नाही, तो वाहतो. वेल्समध्ये हॉर्सशू फॉल्स येथे डी नदीवर बांध घालून तिचे पाणी या कालव्यात घेतलेले आहे आणि ते हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत पिण्यासाठी आणले जाते. लॉक बंद असले तरी पाणी वाहतच राहते, त्यामुळे प्रत्येक लॉकला वळसा घालून एक पाट काढलेला असतो आणि तो लॉकच्या तोंडाशीच, खालच्या बाजूला, जोरात कालव्यात येऊन मिळतो. सात फुटी तोंडात जवळजवळ तेवढ्याच रुंदीची नाव घालताना नेमक्या त्या क्षणी बाजूने पाण्याचा धक्का बसतो. पहिल्या लॉकला आमची नाव त्या धक्क्याने तिरकी झाली आणि पुढचे टोक दगडी भिंतीवर असे आदळले की कपाटातल्या बशा खाली आल्या. एक फुटली. मी काठावरून ओरडत होते, यजमान इंजिनाच्या आवाजात काही ऐकू न येऊन उलट मलाच विचारत होते, आणि मागे दुसरी नाव येऊन थांबली होती. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांवर चारचौघांत कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. ही हकीकत मी लपवत नाही, कारण जी जोडपी असा बेत करत असतील त्यांनी हे जाणून असावे की पहिल्या दिवसांत असे होते आणि ते माणसांच्या स्वभावापेक्षा अपुऱ्या माहितीमुळे होते.

चौथ्या लॉकनंतर आम्ही थांबलो, चहा केला आणि ठरवले की आता बोलायचेच नाही. हात वर म्हणजे थांबा. हात आडवा म्हणजे झडपा बंद. डोक्यावर हात म्हणजे सगळे ठीक. स्वान्ली आणि बॅडिलीची पाच लॉक त्या खुणांवर पार पडली. बॅडिलीच्या तिसऱ्या लॉकला यजमानांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला फार बरे वाटले.

त्या रात्री, रेनबरीच्या अलीकडे बांधलेल्या नावेत, साडेनऊच्या सुमारास दिवे मंद झाले. फ्रीज टिकटिक करून बंद पडला, पाण्याचा पंप थांबला. बांधलेल्या नावेचे इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवू नये असा तिथला नियम आहे, त्यामुळे इंजिनही सुरू करता येईना. यजमानांनी विजेरीच्या उजेडात बॅटऱ्या पाहिल्या आणि त्या जुन्या झाल्या आहेत, दिवसभर इंजिन चालूनही त्यांत वीज साठत नाही, हे दहा मिनिटांत सांगितले. मी मेणबत्ती शोधत असताना एका खणात पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही सापडली. तिच्यात आमच्या आधीच्या भाडेकरूंनी, आठच दिवसांपूर्वी, लिहिले होते की दुसऱ्या रात्री दिवे गेले आणि सकाळी इंजिन लावल्यावर आले. वहीतले हे पान यार्डात कोणी वाचलेच नव्हते. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. बिघाड कोणत्याही यंत्रात होतो, पण कळवलेला बिघाड पुढच्या माणसाच्या गळ्यात घालणे हे योग्य नाही.

तक्रारीनंतरची वागणूक मात्र उत्तम होती. सकाळी आठ वाजता फोन केला. तो पहिल्या घंटेला उचलला गेला. दहा वाजून वीस मिनिटांनी एक तरुण मेकॅनिक गाडी घेऊन पुलाशी हजर झाला, त्याने तीनही बॅटऱ्या नव्या बसवल्या, यजमानांच्या शंकांना समान दर्जाच्या कारागिराशी बोलावे तशी उत्तरे दिली आणि जाताना फ्रीजमधले दूध खराब झाले म्हणून दुधाची बाटलीही ठेवून गेला. यानंतर चार आठवड्यांत विजेची कुरकुर एकदाही झाली नाही.

रेनबरीचा उचलता पूल हा त्या दिवसाचा आनंद होता. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची एक किल्ली प्रत्येक नावेवर असते. ती पुलाशेजारच्या पेटीत घातली की रस्त्यावर दिवे लागतात, आडवे खांब खाली येतात, दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबतात आणि सबंध रस्ता हळूहळू आकाशाकडे उचलला जातो. पूल पुन्हा पूर्ण खाली बसेपर्यंत किल्ली निघत नाही. मी बटण दाबून धरले होते आणि माझे यजमान सुकाणूवर ताठ उभे राहून त्या उचललेल्या पुलाखालून नाव सरळ रेषेत घेऊन गेले. थांबलेल्या मोटारीतल्या एका बाईंनी काच खाली करून हात हलवला.

चौथ्या दिवशी ग्रिंडली ब्रुक आले. तिथे आधी तीन सुटी लॉक आणि मग तीन एकमेकांना जोडलेली, म्हणजे खालच्या खोलीचा वरचा दरवाजा हाच वरच्या खोलीचा खालचा दरवाजा. मोसमात दिवसा तिथे लॉककीपर असतो. त्या दिवशी एक वयस्क स्वयंसेवक होते. रांग मोठी असल्याने आम्हाला तासभर थांबावे लागले आणि त्या तासात त्यांनी आम्हाला जे शिकवले ते यार्डाने शिकवायला हवे होते. पाटाच्या धक्क्याविषयी त्यांनी सांगितले की घाबरून वेग कमी केला की पाणी नाव ढकलते, म्हणून टोक पाटाच्या बाजूला थोडे झुकते ठेवून बेताचा जोर कायम ठेवावा. मग त्यांनी आम्हाला वरच्या दरवाजाशी नेऊन रिकाम्या लॉकमध्ये खाली पाहायला लावले. तिथे दरवाजाच्या पायथ्याशी दगडी उंबरठा आहे, तो भरलेल्या लॉकमध्ये दिसत नाही. उतरताना पाणी ओसरू लागले आणि नावेचा मागचा भाग त्या उंबरठ्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली जात राहतो आणि मिनिटाभरात नाव बुडते. म्हणून काठावर रेघ रंगवलेली असते आणि नाव सतत तिच्या पुढे ठेवायची असते. चकचकीत कागदावर हे एका ओळीत लिहिलेले होते. डोळ्यांनी पाहिल्यावर ते मनावर कोरले गेले. परतीच्या प्रवासात उतरताना प्रत्येक लॉकमध्ये मी काठावरून फक्त एकच वाक्य म्हणत असे, "अहो, उंबरठा!" आणि ते मान हलवत.

त्या गृहस्थांनी आणखी एक सूचना केली: कामे बदला. तोपर्यंत सुकाणू यजमानांकडे आणि झडपा माझ्याकडे, असे आम्ही न ठरवताच ठरवून टाकले होते. वास्तविक जड दरवाजे ढकलण्याचे काम अंगमेहनतीचे आणि सुकाणू हे एकाग्रतेचे. मी आयुष्यभर शाळेत चाळीस मुलांवर एकाच वेळी नजर ठेवली आहे. व्हिटचर्चच्या पुढे सुकाणू मी हाती घेतले, आणि विक्सॉलच्या दलदलीतून जाणारा तो सरळ, दोन्ही बाजूंना बर्च झाडे असलेला पट्टा सबंध मीच चालवला. त्या दोन तासांत आमचा प्रवास खऱ्या अर्थाने दोघांचा झाला. नंतर आम्ही दर जेवणानंतर जागा बदलत गेलो. सुकाणूवर उभ्या राहिलेल्या माणसाला लॉकवरचा माणूस इतका वेळ का लावतो हे कळत नाही, आणि लॉकवरच्याला नाव इतकी हळू का येते हे कळत नाही. दोन्ही करून पाहिल्यावर आमची कुरबुर आपोआप थांबली.

एल्समिअरला कालव्याचा एक छोटा फाटा गावात जातो आणि त्याच्या टोकाशीच टेस्कोचे मोठे दुकान आहे. नाव बांधायची, पिशव्या घेऊन शंभर पावले चालायचे. भाजी, दूध, पाव सगळे मिळाले, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीरही. पाण्याची टाकी येथे भरून घ्यावी. भरायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात बाजार होतो.

सहाव्या दिवशी न्यू मार्टनची शेवटची दोन लॉक चढून चर्कला आलो. १८०१ सालचा चर्कचा जलसेतू, म्हणजे कालवा दरीवरून नेणारा पूल, ओलांडला की लगेच ४२१ मीटरचा बोगदा लागतो, आणि त्यातही पाणी समोरून येते, त्यामुळे नाव गोगलगायीच्या गतीने जाते. बोगद्यासाठीचा पुढचा दिवा यार्डाने तपासून दिलेला होता आणि चांगला प्रखर होता. बोगद्यात पाय कापू लागले तर आत जाऊन बसावे असे मी ठरवले होते, पण तशी वेळ आली नाही.

आणि सातव्या दिवशी सकाळी, वारा नसताना, पॉन्टकसुल्टे. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड यांनी १७९५ ते १८०५ या दहा वर्षांत बांधलेला हा जलसेतू ३०७ मीटर लांब आणि सुमारे ३८ मीटर उंच आहे, आणि २००९ पासून तो जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची एक लांब पन्हळ ठेवलेली आहे आणि तिच्यातून कालवा जातो. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, फक्त पाण्यापेक्षा काही इंच वर आलेली पन्हळीची लोखंडी कड. सुकाणूवर उभे राहून डावी-उजवीकडे पाहिले की एका बाजूला चालणारी माणसे आणि दुसऱ्या बाजूला थेट डी नदीचे खोरे, झाडांचे शेंडे, खालच्या मैदानात खेळणारी मुंग्यांएवढी मुले. त्या दिवशी सुकाणू माझ्या हाती होते. यजमान शेजारी उभे होते. त्यांचे बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेले, तरीत बसून शाळेला गेलेले ते. नाव मध्यावर आली तेव्हा त्यांनी वाकून त्या लोखंडी कडेला हात लावला, बोटांनी एक सांधा चाचपला आणि म्हणाले, "सव्वादोनशे वर्षं झाली, थेंब गळत नाहीये बघ." पाणी समोरून येत असल्यामुळे पलीकडे जायला बराच वेळ लागला आणि आम्हाला तो हवाच होता.

त्यापुढे ट्रेव्हर ते लँगॉलेन हा टप्पा अरुंद आहे. काही ठिकाणी एकच नाव जाऊ शकते, म्हणून एकाने फोन घेऊन पायवाटेने पुढे जावे आणि समोरून कोणी येत नाही ना हे पाहून कळवावे. यार्डाच्या पुस्तिकेत हे नकाशासह दिले होते. लँगॉलेनच्या बंदरात शुल्क देऊन जास्तीत जास्त ४८ तास थांबता येते. आम्ही दोन्ही रात्री थांबलो आणि हॉर्सशू फॉल्सपर्यंत चालत गेलो. इंजिनाच्या नावांना तिथवर जायला परवानगी नाही, घोड्याने ओढलेल्या प्रवासी नावा तेवढ्या जातात.

उरलेले तीन आठवडे आम्ही त्याच वाटेने खाली उतरून फोर काउंटीज रिंग हा ११० मैलांचा आणि ९४ लॉकचा फेरा पूर्ण केला. त्यात सेवेविषयी सांगण्यासारखे दोनच मुद्दे आहेत. शौचालयाची टाकी दोन आठवडे पुरेल असे सांगितले होते, ती पुरली. मध्ये एकदा दुसऱ्या यार्डात पैसे देऊन ती रिकामी करून घ्यावी लागते, हा खर्च आधी सांगितला जात नाही, तो धरून चालावे. आणि डिझेलचा हिशेब इंजिनाच्या तासांवर न करता टाकी प्रत्यक्ष भरून केला गेला, तो अगदी चोख होता.

नाव परत करताना मी वहीचे ते पान यार्डाच्या व्यवस्थापिकेपुढे ठेवले आणि पंचवीस मिनिटांच्या प्रशिक्षणाबद्दलही स्पष्ट बोलले. त्यांनी कारणे दिली नाहीत. एका दिवसाचे भाडे परत केले आणि सांगितले की शनिवारी गर्दी असते, सोमवारी ताबा घेणाऱ्यांना दीड-दोन तास देता येतात आणि पहिल्या लॉकपर्यंत माणूसही बरोबर पाठवता येतो. हे आरक्षणाच्या वेळी सांगितले असते तर आम्ही सोमवारच निवडला असता. तेव्हा ज्यांना नाव घ्यायची आहे त्यांनी कोणत्याही यार्डाला पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: ताबा कोणत्या वारी मिळेल, पहिल्या लॉकला शिकवायला माणूस येईल का, आणि बॅटऱ्या कोणत्या वर्षीच्या आहेत.

आम्ही पुढच्या वर्षीच्या मे महिन्यासाठी त्याच यार्डाकडे ४८ फुटी नाव विचारली आहे. दोघांना ५७ फूट लागत नाहीत, आणि नाव जितकी लहान तितकी वळवायला सोपी. ताबा सोमवारचा मागितला आहे. त्या वहीत मी इंग्रजीत अभिप्राय लिहिला आणि त्याखाली मराठीतही चार ओळी लिहिल्या, की हर्ल्स्टनच्या पहिल्या लॉकला पाणी डाव्या-उजव्या कोणत्या बाजूने येते ते आधी चालत जाऊन पाहून यावे.